जाळ्यातील वर्दळ आणि सरासरीचा भरवसा

सरासरी काढावयास आपण मुलांना फार लवकर शिकवितो. वर्गाची हजेरी, पावसाचे मान, परीक्षेतील गुण, या सर्वांची सरासरी ती बिनचूक काढतात. परंतु सरासरीवर भरवसा केव्हा ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. पुष्कळ निरीक्षणे घेतली की त्यांतील चढ-उतार एकमेकांस खाऊन टाकतात व मागे राहतो तो खरा आकडा, अशी आपली समजूत असते. ही समजूत एका अटीवर खरी आहे. ते चढ-उतार एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. आजच्या चढाचा उद्याच्या चढाशी काही संबंध असेल, तर हा न्याय लंगडा पडतो. आणि तो संबंध दूरवर पोचणारा असेल, तर निरीक्षणांची संख्या कितीही वाढविली तरी चढ-उतार लवकर मावळत नाहीत.

या अटीचे महत्त्व विसाव्या शतकाच्या अखेरीस एका अगदी व्यावहारिक क्षेत्रात प्रत्ययास आले. ते क्षेत्र म्हणजे संगणकांची जाळी. तेथील वर्दळीचे मोजमाप झाले तेव्हा सुमारे ऐंशी वर्षे विश्वासाने वापरलेले गणित उणे ठरले. ते कसे, याचा उलगडा प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय गणिताचा असला तरी त्यासाठी लागणारी विचारसरणी साध्या मराठीत मांडता येण्याजोगी आहे, असा आमचा विश्वास आहे.

स्वतंत्र घटनांचे गणित

प्रथम जुने गणित काय होते ते पाहू. फ्रेंच गणिती सिमेआँ देनी प्वासाँ याने (आपल्या पाठ्यपुस्तकांत याचा उच्चार पुष्कळदा ‘पॉयसन’ असा आढळतो) १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विरळ घडणाऱ्या घटनांचे एक सूत्र दिले. त्याची प्रचीती १८९८ मध्ये बोर्टकीविच या अभ्यासकाने एका विलक्षण उदाहरणाने आणून दिली. प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून मेलेल्या शिपायांची नोंद त्याने तपासली. दहा पलटणी व वीस वर्षे, म्हणजे एकूण २०० नोंदी. त्यांत मृत्यू १२२. सरासरी ०.६१ झाली. एवढ्या एका आकड्यावरून प्वासाँचे सूत्र असे भाकीत करते की, २०० पैकी सुमारे १०९ नोंदींत एकही मृत्यू नसावा, ६६ नोंदींत एक असावा, २० नोंदींत दोन असावेत. प्रत्यक्ष नोंदी होत्या १०९, ६५ आणि २२. एका घोड्याच्या लाथेचा दुसऱ्या घोड्याच्या लाथेशी काही संबंध नव्हता, म्हणून सूत्र जुळले.

हेच सूत्र दूरध्वनीच्या व्यवहारास लावून दाखविण्याचे श्रेय आग्नेर क्रारुप अर्लांग या डॅनिश गणित्याकडे जाते. १९०८ मध्ये तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत दाखल झाला. शहरात ग्राहक हजारो, पण तारा मोजक्या. प्रत्येक ग्राहकास एक तार द्यावी तर खर्च परवडत नाही; फार थोड्या द्याव्यात तर ग्राहक ताटकळतो. तेव्हा किती तारा पुरेत? अर्लांगने १९०९ मध्ये दाखविले की दूरध्वनीची मागणी प्वासाँच्या सूत्राप्रमाणे येते, आणि १९१७ मध्ये त्याने ग्राहकास तार न मिळण्याची शक्यता किती व किती वेळ थांबावे लागेल याची सूत्रे दिली. ती पुढे जगभर वापरात आली. दूरध्वनीच्या वर्दळीच्या एककास १९४६ मध्ये त्याचेच नाव देण्यात आले.

अर्लांगचे गणित यशस्वी झाले, कारण त्यातील गृहीत गोष्टी त्या व्यवहारात खऱ्या होत्या. एकाने फोन करावा म्हणून दुसरा करीत नाही. संभाषणे काही मिनिटांची असतात. दहा-दहा दिवस चालणारे संभाषण कोणी करीत नाही. त्यामुळे ग्राहकांची संख्या जसजशी वाढे, तसतशी एकूण वर्दळ अधिकाधिक सपाट होई. मोठ्या केंद्राचे नियोजन लहान केंद्राहून सोपे असे. ‘संख्या वाढली की चढ-उतार आपोआप निवतात’ हा त्या काळच्या अभियंत्यांचा अनुभवसिद्ध विश्वास होता.

मॉरिसटाउन येथील मोजणी

संगणकांच्या जाळ्यात निरोप अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहून ते सोडले जातात. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. वाटेत राउटर नावाची यंत्रे पत्ता वाचून पॅकेट पुढे धाडतात. एकाच वेळी फार पॅकेटे आली तर ती थोडा वेळ थांबवून ठेवण्यासाठी राउटरमध्ये जागा असते. तिला बफर म्हणतात. ती भरली की पुढची पॅकेटे टाकून द्यावी लागतात. म्हणजे प्रश्न अर्लांगचाच होता: तार केवढी असावी आणि थांबण्याची जागा केवढी? साहजिकच अभियंत्यांनी उत्तरही अर्लांगच्या पठडीतले स्वीकारले. माणसांच्या फोनच्या जागी पॅकेटे घातली आणि ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात असे धरले.

हे गृहीत खरे आहे काय, हे पाहण्याचे काम अमेरिकेत न्यू जर्सीमधील मॉरिसटाउन येथे बेलकोअर या संशोधनसंस्थेत झाले. संस्थेतील संगणक ईथरनेट पद्धतीच्या तारेने जोडलेले होते. या तारेतून सेकंदास एक कोटी बिट जाऊ शकत, आणि सर्व संगणक एकाच तारेवर असल्याने एका ठिकाणी बसविलेल्या यंत्रास येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट दिसे. विल लेलँड व डॅनिएल विल्सन यांनी १९८९ पासून १९९२ पर्यंत अशा कोट्यवधी पॅकेटांची वेळ व लांबी नोंदविली. वेळेची नोंद सेकंदाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म होती. या नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण करण्यात वॉल्टर विलिंगर आणि बॉस्टन विद्यापीठातील मुराद तक्कू हे सहभागी झाले. चौघांचा निबंध १९९३ मध्ये परिषदेत वाचला गेला व १९९४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातील एक चित्रमालिका प्रसिद्ध आहे. ऑगस्ट १९८९ मधील २७ तासांची नोंद घेऊन प्रथम दर १०० सेकंदांत किती पॅकेटे गेली याचा आलेख काढला. मग त्यातील एक भाग विस्तारून दर १० सेकंदांचा, त्यातील भाग विस्तारून दर एका सेकंदाचा, आणि असे करीत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत गेले. शेजारी स्वतंत्र घटनांच्या गणिताने रचलेली कृत्रिम वर्दळ त्याच पाच मापांनी मांडली. कृत्रिम वर्दळ सूक्ष्म मापात खडबडीत दिसे. पण १०० सेकंदांच्या मापात ती जवळजवळ सरळ पट्टी होऊन जाई. खरी वर्दळ मात्र पाचही मापांत सारखीच खडबडीत होती. दिवस-रात्रीचा फरक सोडला, तर आलेखाखालचे माप झाकले असता कोणता आलेख कोणत्या मापाचा हे सांगणे कठीण व्हावे.

याचा अर्थ नीट उमगण्यासाठी तालुक्याच्या बसस्थानकावरील खिडकीची कल्पना करावी. एकेक उतारू आपापल्या कामाने येतो, तोवर रांग प्वासाँच्या सूत्राने वागते. पण खेड्यावरून बस आली की वीस माणसे एकदम उतरतात. हा मिनिटांच्या मापातील लोंढा. बाजाराच्या दिवशी अशा बसच अधिक येतात. हा दिवसांच्या मापातील लोंढा. जत्रेच्या हंगामात बाजारही अधिक भरतात. हा महिन्यांच्या मापातील. लोंढ्यात लोंढा आणि त्यातही लोंढा, अशी ही रचना आहे. भेद एवढाच की बाजाराचा वार ठरलेला असतो आणि जत्रेची तिथी पंचांगात मिळते. जाळ्यातील लोंढ्यांना पंचांग नाही. लहान मापातील आकृती मोठ्या मापातील आकृतीसारखीच दिसावी या गुणास स्वसादृश्य असे म्हणतात.

चढ-उतार का मावळत नाहीत

आता थोडे आकडे पाहू. चढ-उतारांचा विस्तार मोजण्यासाठी प्रमाण विचलन हे माप आहे. निरीक्षणे स्वतंत्र असतील, तर शंभर निरीक्षणांच्या सरासरीचे प्रमाण विचलन एका निरीक्षणाच्या एक-दशांश होते. दहा हजारांच्या सरासरीचे एक-शतांश. म्हणजे ते निरीक्षणसंख्येच्या वर्गमुळाने घटते. संख्येच्या वर्गमुळाऐवजी अन्य घाताने ते घटत असेल, तर तो घात किती वेगळा आहे हे एका घातांकाने दाखवितात. स्वतंत्र घटनांसाठी हा घातांक ०.५ असतो. तो १ च्या जवळ जाऊ लागला की घट मंदावते. बेलकोअरच्या वर्दळीत तो ०.८ ते ०.९ च्या आसपास निघाला.

०.५ आणि ०.८ यांतील अंतर किरकोळ वाटेल, पण त्याचा परिणाम तसा नाही. घातांक ०.८ असता चढ-उतारांचा विस्तार एक-दशांश करण्यासाठी शंभर निरीक्षणे पुरत नाहीत. एक लाख लागतात. दर सेकंदाची मोजणी घेतली असेल, तर पावणेदोन मिनिटांत जे साधावयाचे त्यासाठी एका दिवसाहून अधिक वेळ घालवावा लागतो. सेकंदामागून सेकंद असे जे आकडे येतात त्यांत दूरदूरच्या आकड्यांतही सहसंबंध उरतो. तो अंतराबरोबर कमी होतो खरा, पण इतक्या संथपणे की सर्व अंतरांवरील सहसंबंधांची बेरीज मर्यादेत राहत नाही. या स्थितीस दीर्घस्मृती म्हणतात.

नाईल नदीचे पूर्वज्ञान

हा घातांक जाळ्यांसाठी नव्याने शोधावा लागला नाही. तो हर्स्ट घातांक या नावाने ओळखला जातो, आणि त्याचा उगम नाईल नदीच्या काठी आहे. हॅरल्ड एडविन हर्स्ट हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०६ मध्ये इजिप्तला गेला व त्याचे बहुतेक आयुष्य त्या नदीचा अभ्यास करण्यात गेले. पुराच्या वर्षांतील पाणी साठवून ते दुष्काळाच्या वर्षांत पुरवावयाचे, तर जलाशय केवढा असावा, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. कैरोजवळील रोडा बेटावरील नाईलमापकाच्या नोंदी इ. स. ६२२ पासूनच्या उपलब्ध होत्या. तेवढी दीर्घ नोंद जगात क्वचितच मिळते. वर्षे परस्परांपासून स्वतंत्र धरली तर घातांक ०.५ यावयास हवा होता. हर्स्टने नद्या, पाऊस, तापमान, वृक्षांची वलये यांच्या शेकडो नोंदी तपासल्या. सरासरीने तो ०.७३ च्या जवळ आला. १९५१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. सुकाळाची वर्षे सुकाळाच्या वर्षांना व अवर्षणाची वर्षे अवर्षणाच्या वर्षांना चिकटून येतात, आणि म्हणून जलाशय हिशेबाहून मोठा लागतो, हा त्याचा निष्कर्ष.

लोकस्मृतीने ही गोष्ट हर्स्टच्या पुष्कळ आधी जाणली होती. बायबलातील योसेफाच्या कथेत सात वर्षे सुबत्तेची व सात वर्षे दुष्काळाची येतात; म्हणून १९६८ मध्ये बेनुआ मांडेलब्रॉट व त्याचे सहकारी वॉलिस यांनी या गुणास योसेफाचेच नाव दिले. आपल्या दख्खनेत चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकल्याचे परंपरा सांगते. सरासरी पर्जन्यमानाच्या कोष्टकात अशा बारा वर्षांची वेदना कोठेच दिसत नाही. मांडेलब्रॉट व व्हान नेस यांनी १९६८ मध्येच दीर्घस्मृतीचे रीतसर गणित मांडले. पुढे पंचवीस वर्षांनी तेच गणित नदीवरून उचलून तारेतील पॅकेटांस लावले गेले.

स्मृती येते कोठून

तार काही स्मरण ठेवीत नाही. मग दूरच्या क्षणांत सहसंबंध येतो कसा? याचे उत्तर माणसे जाळ्यातून काय मागवितात यात सापडले. व्हर्न पॅक्सन व सॅली फ्लॉइड यांनी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत दूर पल्ल्याच्या जाळ्यांचा अभ्यास करून १९९५ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच प्वासाँच्या प्रतिमानाचे अपयश जाहीर केले होते. परंतु त्यांचा निष्कर्ष शीर्षकाहून अधिक नाजूक आहे. माणूस यंत्रापुढे बसून काम सुरू करतो त्या वेळा, एकेका तासाचे मान स्थिर धरले असता, प्वासाँच्या सूत्राशी चांगल्या जुळतात. जुळत नाहीत ती त्या कामातून निघणारी पॅकेटे. म्हणजे अर्लांग माणसांविषयी चुकला नव्हता. एकेका माणसाच्या मागणीचा आकार मात्र बदलला होता.

बॉस्टन विद्यापीठात मार्क क्रोव्हेला व अझेर बेस्टाव्ह्रॉस यांनी १९९६ मध्ये दाखविले की जाळ्यातून मागविल्या जाणाऱ्या फायलींच्या आकारांत विलक्षण विषमता असते. बहुसंख्य फायली लहान; पण थोड्या इतक्या मोठ्या की एकूण भाराचा मोठा हिस्सा त्यांचाच. इटालियन अर्थशास्त्रज्ञ पारेतो याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपत्तीच्या वाटपात जी विषमता पाहिली, तिच्याच जातीची ही विषमता आहे. जुन्या गणितातील संभाषण कितीही वेळ चालले असले तरी ते आणखी किती चालेल याची अपेक्षा तेवढीच राहते. पारेतोच्या नियमाने चालणाऱ्या कामाचे उलट आहे. त्याचा घातांक १.४ असेल, तर पुरेसा वेळ चाललेले काम आणखी सुमारे अडीच पट वेळ चालेल अशी अपेक्षा धरावी लागते. जे लांबले ते आणखी लांबण्याची शक्यता अधिक.

या दोन गोष्टींची सांगड विलिंगर, तक्कू, शेरमन व विल्सन यांनी १९९७ च्या निबंधात घातली. प्रत्येक संगणक काही काळ बोलतो व काही काळ गप्प बसतो. बोलण्याचे वा गप्प राहण्याचे कालखंड पारेतोच्या पद्धतीने विषम असतील, तर संगणक परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र असूनही त्यांच्या एकत्रित वर्दळीत दीर्घस्मृती उत्पन्न होते. कालखंडांचा घातांक १.४ असता हर्स्ट घातांक ०.८ येतो. एका दीर्घ कामाचा आरंभ व शेवट या दूरच्या दोन क्षणांना तेच काम जोडते. जाळ्याची ‘स्मृती’ ती हीच.

व्यवहारातील परिणाम

हे केवळ सिद्धान्ताचे कुतूहल नव्हे. जुन्या गणिताप्रमाणे बफर वाढवीत गेले की पॅकेट वाया जाण्याची शक्यता फार झपाट्याने घटते; त्यामुळे थोडी अधिक जागा दिली की काम भागते. फिनलंडमधील इल्का नोरोस याने १९९४ मध्ये दीर्घस्मृतीच्या वर्दळीसाठी हाच हिशेब करून दाखविला. हर्स्ट घातांक ०.८ असेल, तर जुन्या हिशेबात जागा दुप्पट करून जो लाभ मिळे तो मिळविण्यास ती साडेपाच पटींहून अधिक वाढवावी लागते. एवढी जागा दिली तरी पॅकेटे तीत पडून राहतात व विलंब वाढतो. पाण्याचा लोंढा दीर्घकाळ चालणार असेल तर हौद मोठा बांधण्यापेक्षा कालवा रुंद करणे श्रेयस्कर, तशी येथे तारेची क्षमता वाढविणे अधिक उपयोगी पडते. शिवाय नुकसानही विखुरलेले नसते. पुष्कळ काळ एकही पॅकेट वाया जात नाही आणि मग लोंढ्यात शेकडो जातात. ‘सरासरीने हजारात एक’ असे म्हणणारा अहवाल खोटा नसतो. पण ज्याचे बोलणे त्या लोंढ्यात तुटले त्याच्या अनुभवाविषयी तो काहीच सांगत नाही.

या शोधाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २००० नंतर बेल प्रयोगशाळांतील क्लीव्हलँड व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ज्या मोठ्या तारांवर असंख्य प्रवाह एकत्र येतात, तेथे अत्यल्प कालमापात पॅकेटांची वर्दळ पुन्हा प्वासाँच्या सूत्राकडे झुकते. २००४ मध्ये कारायान्निस व सहकाऱ्यांनीही एका मोठ्या तारेविषयी असेच सांगितले. दीर्घ मापात मात्र दीर्घस्मृती त्यांनाही आढळली. दुसरी मर्यादा मोजणीची आहे. मूळ सरासरीच हळूहळू बदलत असेल, उदाहरणार्थ सकाळपासून दुपारपर्यंत काम वाढत असेल, तर ती वाढही दीर्घस्मृतीसारखी भासते. म्हणून घातांक काढण्यापूर्वी असे ठरावीक बदल वेगळे काढावे लागतात.

परिभाषा आणि अध्यापन

परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे येथे अप्रस्तुत होणार नाही. ‘दीर्घस्मृती’ हा शब्द सुबोध आहे, पण तो शिकविताना स्मरण करणारा कोणी नाही, हे सांगावयास विसरू नये. ‘यदृच्छा’ या शब्दाने विद्यार्थ्यास पुष्कळदा सारख्या अंतराने विखुरलेल्या घटना असा बोध होतो, तो चुकीचा आहे. स्वतंत्र घटनाही अधूनमधून गोळा होऊन येतात, आणि त्या किती गोळा व्हाव्यात हेच प्वासाँचे सूत्र सांगते. ‘लोंढा’ हा शब्द मात्र आम्हांस फार समर्पक वाटतो. पाणी, गुरे व माणसे यांच्यासाठी तो भाषेत आहेच. पॅकेटांसाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही.

शिक्षकांस या विषयाची प्रचीती वर्गात आणून देता येईल. गावातील पावसाच्या वार्षिक नोंदी पुरेशा दीर्घ मिळाल्या तर त्या घ्याव्यात. प्रथम एकेका वर्षाच्या आकड्यांचे प्रमाण विचलन काढावे. मग ओळीने चार-चार वर्षांचे गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी घ्यावी व त्या सरासरींचे प्रमाण विचलन काढावे. वर्षे स्वतंत्र असतील तर ते मूळच्या निम्मे यावे. हर्स्ट घातांक ०.८ असता ते सुमारे तीन-चतुर्थांश राहील. थोड्या आकड्यांवरून निर्णय देऊ नये, आणि दोहोंच्या मध्ये उत्तर आले तर तसेच फळ्यावर लिहावे. सरासरी काढण्यापूर्वी आकड्यांना त्यांचा परस्परसंबंध विचारावयाचा असतो, एवढे त्या तासाला मुलांच्या ध्यानी आले तरी पुष्कळ झाले.